प्रकल्प नोंदी: विसाव्या हिश्श्याची जी-5

17 नोव्हेंबर 2024

दिवाळीचा फराळ संपला, आता हात मोकळे. यावेळी तोफेचं मॉडेल करायचंय. सगळे बोफोर्स करतात म्हणून ती नको, दक्षिण आफ्रिकेची जी-5 करायची. 155 मिलिमीटर तोंडाची, ओढून न्यायची, आणि आली तेव्हा जगातल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या तोफांमध्ये मोजली जायची. खरं कारण सांगायचं तर मला त्या नळीची लांबी आवडते, बाकी काही नाही.

हिशोब असा. ही 45 कॅलिबरची, म्हणजे नळीची लांबी तोंडाच्या 45 पट, 155 गुणिले 45, 6975 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सात मीटर. विसाव्या हिश्श्यात 349 मिमी आणि तोंडाचं भोक 7.75. पावणेआठचं ड्रिल माझा दोस्त दिल्या, त्याच्याकडे आहे. लेथ पण दिल्याचाच, भोसरीतल्या गाळ्यात, माझ्या घरापासून बरोबर दीड किलोमीटर, रविवारी मशीन रिकामं असतं. बायकोने विचारलं किती दिवस, मी म्हटलं संक्रांतीपर्यंत. ती हसली नुसती.

24 नोव्हेंबर

पहिली नळी भंगारात गेली. 20 चा अॅल्युमिनियमचा गोल बार घेतला, चकमध्ये धरला, समोरच्या टोकाकडून (टेलस्टॉकवरून) ड्रिल घातलं, साठ-सत्तर मिमीपर्यंत लोण्यासारखं गेलं आणि मग ड्रिल कुठे भरकटलं देवाला माहीत, दुसऱ्या बाजूने आत गेलो तर दोन्ही भोकं एकमेकांना भेटेचनात, बोगदा खणताना दोन टोळ्या चुकाव्यात तसं. दिल्या म्हणाला तुला कोणी सांगितलं आरपार भोक पाड म्हणून, तोंडाशी पाड ना तेवढं, आतलं कोण बघतंय.

बरोबर आहे त्याचं. पण आरपार पाडायचीच हौस.

1 डिसेंबर

दुसरी नळी झाली. तोंडाकडून 60 मिमी, मागून 40 मिमी, मधे भरीव. कोणाला सांगू नका. बाहेरचा टेपर (निमुळता उतार) मात्र नीट उतरलाय, एमरी पेपर मारून झकास चमक आली.

खऱ्या नळीचं वाचलं तर आपण किती पोरखेळ करतोय ते कळतं. खास शुद्ध केलेल्या पोलादाची अखंड नळी घेतात, आणि मुद्दाम आतून इतका दाब देतात की आतला थर कायमचा ताणला जातो. दाब सोडला की बाहेरचा थर आपल्या जागी यायला बघतो आणि आतल्या थराला आवळून धरतो, कायमचा. मग गोळा उडताना दारूचा दाब आला की आधी ते आवळणं संपेपर्यंत पोलादाला काहीच जाणवत नाही. याला ऑटोफ्रेटाज म्हणतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून बसवतात आणि ती थंड होऊन लाकूड आवळते, साधारण तोच विचार, फक्त इथे धाव आणि चाक एकाच लोखंडातलं.

15 डिसेंबर

लेथ बंद, दिल्या गावाला. म्हणून वाचन.

ही तोफ त्यांना लागली कशाला ते आज नीट समजलं. 1975 मध्ये पोर्तुगीज अंगोला सोडून चालले होते, सत्तेसाठी तिथल्याच तीन संघटना भांडत होत्या, आणि दक्षिण आफ्रिकेचं सैन्य गुपचूप आत घुसलं. यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश तोफा. साडेपाच इंची तोफेचा पल्ला 16 किमीच्या आसपास. समोर क्यूबाच्या मदतीने आलेले रशियन बीएम-21 रॉकेट लाँचर, 20 किमी, आणि पुढे ज्यांच्याशी गाठ पडणार होती त्या एम-46 तोफा 27 किमीवाल्या. स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, 10 नोव्हेंबरला, लुआंडाच्या वेशीवर किफांगोंडोला दक्षिण आफ्रिकेच्या बाजूची फौज या रॉकेटांखाली उधळली गेली.

मला किलोमीटर असे आकड्यात समजत नाहीत म्हणून पुणे-नाशिक रस्त्यावर मांडून बघितलं. भोसरीत उभं राहून सरळ रेषेत मारायचं. जुनी साडेपाच इंची चाकणच्या जरा पुढे पडते. एम-46 खेडच्या पलीकडे जाते. आणि जी-5 खास गोळ्याने 39 किमी, म्हणजे मंचर थोडक्यात हुकलं. आता विचार करा तुम्ही चाकणपर्यंत मारू शकता आणि समोरचा खेडमध्ये बसून आरामात तुमच्यावर मारतोय, तुम्ही काय करणार, पळणार. ते पळाले आणि घरी जाऊन त्यांनी तोफ शोधायला घेतली.

29 डिसेंबर

आज गोळे. आणि आज माझं सगळं गणितच उलटं झालं.

मला वाटत होतं पल्ला नळीत असतो. लांब नळी, लांब मार. नळीचा वाटा आहेच, गोळ्याला ढकलायला जास्त वेळ मिळतो, मागची दारूची खोलीही मोठी, 23 लिटर. पण खरी करामत गोळ्यात आहे. जुना अमेरिकन 155 चा गोळा बघा, एम-107, मधे दंडगोल आणि पुढे टोक, लांबी त्याच्या जाडीच्या साडेचार पट. तो बुटका दंडगोल हवा फाडत नाही, ढकलत जातो. जी-5 चा गोळा लांबी जाडीच्या सहा पट आणि दंडगोल जवळजवळ नाहीच, टोकापासून मागच्या पट्ट्यापर्यंत निमुळता, चाफ्याच्या कळीसारखा. मग अडचण अशी की निमुळता गोळा नळीत डुगडुगणार, त्याला नीट धरायला सरळ अंगच नाही. म्हणून अंगावर चार छोटे उंचवटे काढले, नब म्हणतात त्यांना, तेही तिरके आणि पंखाच्या आकाराचे, म्हणजे गोळा फिरत जाताना हवेला अडवणार नाहीत. एवढ्यावरच 30 किमी.

आणि पुढचे 9 किमी कसे तर बुडाशी एक छोटी दारूची डबी. हे रॉकेट नाही, लोक रॉकेट समजतात. वेगाने जाणाऱ्या गोळ्याच्या मागे पोकळी होते आणि ती त्याला मागे खेचते, एसटीच्या मागे धुरळा आत ओढला जातो ना तसं. ती डबी नुसती हळूहळू जळते आणि निघालेला वायू ती पोकळी भरतो, ओढ कमी होते. बेस ब्लीड. मूळ कल्पना स्वीडनची.

या निमुळत्या गोळ्यामागचं डोकं कॅनडाच्या जेराल्ड बुलचं. विशीच्या सुरुवातीला टोरोंटोतून डॉक्टरेट, 1960 च्या दशकात बार्बाडोस बेटावर अमेरिकन नौदलाची 16 इंची तोफ उभी करून आकाशात गोळे मारत बसलेला, कारण त्याला तोफेने उपग्रह सोडायचा होता. नोव्हेंबर 1966 मध्ये अॅरिझोनात युमाला तसल्याच तोफेने 180 किमी उंची गाठली. 180! मग सरकारी पैसा बंद झाला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली, कॅनडा-अमेरिका सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली जागा. आधी जुन्या तोफांसाठी गोळा आणि मग त्या गोळ्यासाठी तोफ, जीसी-45, जी-5 तिच्यावरूनच निघाली. हा क्रम मला फार आवडला. म्हणजे आधी चप्पल आणि मग तिच्या मापाचा पाय.

मी पितळेचे सहा गोळे टर्न केले, 47 मिमीचे. नब फाईलने करणं माझ्या बसची बात नाही, तांब्याच्या तारेचे तुकडे सोल्डर केले. सहापैकी दोन बरे दिसतात. लेकीला वाटलं देव्हाऱ्यातल्या समईचा काहीतरी भाग आहे.

12 जानेवारी 2025

गाडा. फार सांगण्यासारखं नाही, नुसती पत्राकापणी. दोन शेपट्या (तोफेचे मागे टेकवायचे लांब पाय), चार मोठी चाकं, खाली गोल पाटा जो जमिनीला टेकवून तोफ त्यावर बसते. चाकं खेळण्याच्या ट्रॅक्टरची काढली, माप दोन मिमी कमी आहे. राहू दे.

संक्रांत परवा. बायकोने तारखेची आठवण करून दिली.

26 जानेवारी

झेंडावंदनानंतर खालच्या मजल्यावरचे सुभेदार काका आले. तोफखान्यातून रिटायर, देवळालीला शिकले, 1999 ला द्रासमध्ये बोफोर्सवर होते. मी मोठ्या उत्साहाने नळी दाखवली, पल्ला सांगितला, गोळ्याचा आकार समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरंय रे, पण ओपी कुठाय?"

ओपी म्हणजे पुढे कुठेतरी लपून बसलेला माणूस जो गोळा कुठे पडला ते सांगतो, डावीकडे दोनशे, पुढे चारशे असं. काका म्हणतात, "तोफ आंधळी असते. आम्ही खाली दरीत, कित्येकदा काय मारतोय ते आम्हाला दिसायचंच नाही. वर इन्फंट्रीबरोबर आमचा ओपी ऑफिसर चढायचा, त्याचे डोळे आणि आमचा हात." मी म्हटलं काका यांची तोफ 39 किमी जाते, तुमची 39 कॅलिबरचीच होती. तर म्हणाले, "माझी पंधरा सेकंदांत तीन गोळे टाकायची, तुझी टाकेल?" नाही टाकणार, मिनिटाला तीन ही हिची गती. गप्प बसलो. चहा झाला.

पण ते ओपीचं डोक्यात राहिलं.

मग एक गंमत सांगितली त्यांना. ऐंशीच्या दशकात आपल्या लष्कराने 155 ची तोफ निवडायला घेतली तेव्हा स्वीडनची बोफोर्स, फ्रान्सची सोफ्मा, ब्रिटिश, आणि चौथी ऑस्ट्रियाची फोएस्ट-आल्पिनं, आणि ती ऑस्ट्रियन तोफ म्हणजे याच बुलची जीसी-45 सुधारून केलेली. म्हणजे जी-5 ची सख्खी बहीण आपल्या दारात येऊन गेली. मार्च 1986 ला 410 बोफोर्स घ्यायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी फोडली, ते सगळ्यांना पाठ आहे. काका म्हणाले, "कागदावर काय झालं ते दिल्लीला विचार, तोफ चांगली होती." आणि उठले.

9 फेब्रुवारी

शेपट्या आणि नळी जुळवल्या. खऱ्या तोफेत नेताना नळी अर्धी गोल फिरवून मिटलेल्या शेपट्यांवर झोपवतात आणि बांधतात, नाहीतर रस्त्यावर सात मीटरची सोंड पुढे घेऊन कोण जाणार. माझी पण फिरते! पितळेचा बुश घातलाय. पुढे छोटं डिझेल इंजिन असतं, ट्रक सोडला की तोफ स्वतः थोडी चालते, शेपट्या उघडायचं आणि पाटा खाली घ्यायचं काम पण त्याच्यावरच. आठ माणसांनी पावणेचौदा टन हाताने ढकलायचे नाहीत म्हणून. ते इंजिन मी औषधाच्या डबीतून केलं.

वजनाचा हिशोब करून बघितला. विसावा हिस्सा म्हणजे वजन भागिले वीस भागिले वीस भागिले वीस, आठ हजारावा हिस्सा, 13,750 किलोचे 1.72 किलो व्हायला पाहिजेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, 1 किलो 90 ग्रॅम. अॅल्युमिनियमची चोरी पकडली गेली. काटा पुसून ठेवला तरी ओरडा खाल्ला.

23 फेब्रुवारी

लेथवर काही काम नाही, प्रायमर वाळतोय. अंगोलातल्या क्विटो क्वानावालेच्या लढाईचं वाचत बसलो आणि रात्रीचा एक वाजला.

1987. जी-5 लष्करात येऊन चार वर्षं झालेली. अंगोलाचं सैन्य आग्नेयेला युनिटा बंडखोरांवर चालून निघालं, दक्षिण आफ्रिका युनिटाच्या बाजूने उतरली. 3 ऑक्टोबरला लोम्बा नदीकाठी अंगोलाची 47 वी ब्रिगेड अक्षरशः मोडली, त्यात तोफांचा मोठा हात. बाकीचे मागे हटले ते क्विटो क्वानावाले गावात, तिथे विमानतळ. मग जी-5 नी लांबून त्या धावपट्टीवर इतका मारा केला की मिग विमानं तिथे ठेवता येईनात, मागे मेनोंगेला न्यावी लागली. एका ओढत नेलेल्या तोफेने विमानतळ बंद पाडला, हे वाचून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पण पुढे. याच तोफा दिवसा जाळीखाली लपून बसायच्या, कारण मेनोंगेहून तीच मिग विमानं परत यायची आणि आकाश यांच्या हातात नव्हतं. मारा शक्यतो विमानं नसताना नाहीतर रात्री. आणि ओपी! गावाभोवती लपलेले निरीक्षक आणि वरून वैमानिक नसलेलं छोटं विमान, सीकर नावाचं, ते गेलं की तोफ आंधळी. काका बरोबर होते, बोलून नाही दाखवणार. महिनोन्महिने गोळे टाकले, फेब्रुवारी-मार्च 1988 मध्ये नदीच्या पूर्वेला टुम्पोवर परत परत हल्ले केले, शेवटचा 23 मार्चला, सुरुंगांत आणि समोरच्या तोफांत अडकला. गाव पडलं नाही. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला करार, क्यूबा परत, दक्षिण आफ्रिका परत, तिच्या ताब्यातल्या नामिबियाला स्वातंत्र्य. कोण जिंकलं यावर दोन्हीकडचे अजून भांडतात. माझं मत विचाराल तर तोफ जिंकली आणि तोफवाले परत गेले.

हो, आणि धावपट्टी म्हटलं तरी बाजूला गाव होतंच की. ते माझ्या मॉडेलमध्ये कुठे येत नाही. मॉडेलवाल्यांचं हे बरं असतं, आपली तोफ कायम कुठेच रोखलेली नसते.

9 मार्च

रंग बोंबलला. मातकट छटा मिसळून घेतली होती, पिवळट आणि तपकिरीच्या मधली, जुन्या फोटोंत दिसते तशी. उन्हात ठेवली वाळायला आणि कबुतर. बाकी सांगत नाही. थिनरने पुसलं तर प्रायमरसकट निघालं, नळी परत उघडी पडली, परत एमरी, परत प्रायमर. संक्रांतीपर्यंत म्हणालो होतो, आता होळी आली.

22 मार्च

आजच्याच तारखेला 1990 मध्ये जेराल्ड बुलला ब्रसेल्समध्ये त्याच्या फ्लॅटच्या दाराशी गोळ्या घातल्या. वय 62. कोणी मारलं ते आजपर्यंत सिद्ध नाही. आणि तारखा बघता बघता लक्षात आलं की नामिबिया स्वतंत्र झाला 21 मार्च 1990 ला. एक दिवस आधी. ज्या लढाईत त्याच्या गोळ्याने सगळ्यात जास्त नाव काढलं तिचा शेवट झाला आणि दुसऱ्या दिवशी हा गेला. योगायोगच, पण कसला.

त्याच्याबद्दल मला काय वाटतं ते मला ठरवता येत नाहीये. हुशारी अफाट. पण गिऱ्हाईक बघायचं नाही, हा माणसाचा स्वभाव. संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेला शस्त्रं द्यायला सक्त बंदी घातली, तरी याच्या कंपनीचे गोळे अँटिग्वा बेटाच्या आडून तिकडे पोचले, पकडला गेला, 1980 मध्ये अमेरिकेत काही महिने तुरुंगात काढले. बाहेर आला तो चिडून, थेट ब्रसेल्स. त्याचीच तोफ ऑस्ट्रियातल्या नोरिकुम कंपनीने बनवली, ती जॉर्डनच्या नावावर इराकला गेली आणि लिबियाच्या नावावर इराणला, दोघं एकमेकांशी लढत असताना! ऑस्ट्रियात त्यावरून मोठं लफडं झालं. चीननेही तंत्र घेतलं. इराकने जी-5 पण घेतल्या. शेवटी सद्दामसाठी तो 156 मीटर नळीची, एक मीटर तोंडाची महातोफ करत होता, त्याच्या मरणानंतर महिन्याभरातच तिचे भाग ब्रिटिश कस्टम्सने बंदरावर धरले, पेट्रोकेमिकल प्रकल्पाचे पाइप म्हणून निघाले होते.

आणि इराकचं काय झालं, 1991 च्या आखाती युद्धात त्यांच्या जी-5 आणि ऑस्ट्रियन तोफांचा पल्ला समोरच्या अमेरिकन 155 पेक्षा जास्त होता. कागदावर. विमानं नाहीत, पुढे बघणारा कोणी नाही, मारायचं कुठे तेच कळेना, आणि जागच्या जागी बसून वरून मार खाल्ला. परत तेच, ओपी कुठाय.

27 मार्च

काल बातमी आली, काका सकाळी पेपर घेऊन वर. एटॅग्ज या आपल्या नव्या देशी तोफेचा करार झाला, 307 तोफा, ओढणाऱ्या गाड्यांसकट साधारण 6,900 कोटी, भारत फोर्ज आणि टाटा. 52 कॅलिबर, म्हणजे नळी आठ मीटरच्या वर, खोली 25 लिटर, आणि पोखरणला 2017 मध्ये 48 किमी मारलेली. आखली कुठे तर पाषाणला, शस्त्रसंशोधन करणाऱ्या एआरडीईत, इथून रिक्षाने जाता येईल एवढ्यावर. जबलपूरला होणारी धनुष तोफ पण 45 कॅलिबर, जी-5 इतकीच लांब नळी. भोसरीतून 48 म्हणजे मंचर पार. काकांना नाशिक रोडचा हिशोब सांगितला तर म्हणाले, "मंचरला माझी बहीण राहते, तिकडे तोंड करू नको."

दिल्याने लगेच विचारलं पुढचं मॉडेल एटॅग्जचं का. नळी 403 मिमी. बघू. आरपार भोक मात्र पाडणार नाही.

6 एप्रिल

झाली एकदाची. पाडव्याला रंग पक्का झाला, आज मझल ब्रेकच्या (नळीच्या तोंडावरचा, मागचा धक्का कमी करणारा भाग) खिडक्या फाईल केल्या, जाळी म्हणून जुन्या पडद्याची नेट रंगवून टाकली. चाकांचे ते दोन मिमी अजून खुपतात. उरलेले चार वाईट नबवाले गोळे जाळीखाली आडवे ठेवले म्हणजे दिसणार नाहीत.

काका बघायला आले, चष्मा लावून सगळीकडून बघितली, चांगला गोळा हातात घेऊन नखाने नब चाचपला, नळीत मागून सरकवला, बसला बरोबर. मग माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं काय विचारणार. मी आधीच दोन माणसं केली होती, पालथी पडलेली, एकाच्या डोळ्याला दुर्बीण, एकाच्या पाठीवर वायरलेस, साडेआठ सेंटिमीटरची दोन. फक्त ठेवायची कुठे हा प्रश्न, पाटावर तोफेच्या शेजारी ओपी ठेवणं म्हणजे काहीच्या काही.

"घरापासून तुझ्या दोस्ताचा गाळा किती?" काका.

"दीड किलोमीटर."

"गुणिले वीस?"

30 किमी. बेस ब्लीडशिवायचा पल्ला, बरोबर तेवढाच.

संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो आणि गाळ्याच्या मागच्या खिडकीत ती दोन माणसं फेव्हिक्विकने चिकटवली, तोंड बाहेर करून. दिल्याला फोनवर सांगितलं पुसू नको म्हणून. त्यांना समोर चहाची टपरी दिसते. काकांनी वाकून त्यांच्या रेषेतून बघितलं आणि म्हणाले टपरी सोड, तिच्या डावीकडचा कचऱ्याचा डबा घे.